‘प्रशासक बरा’ म्हणणाऱ्या आपल्याच माणसांना

गेली दोन-तीन वर्षं धाराशिव जिल्ह्यात एक वाक्य आम्ही सतत ऐकतो आहोत. प्रस्थापितांच्या तोंडचं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच मंडळातल्या, जयंतीची वर्गणी गोळा करत फिरणाऱ्या पोरांच्या तोंडी आहे. “झेडपीत मेंबर नाहीत तेच बरं. साहेब निदान कायद्यानं चालतो. मेंबर आला की गुत्तेदार आला, गुत्तेदार आला की टक्केवारी आली.” थोडं वाचन असलेला कार्यकर्ता असेल तर तो याला वैचारिक मुलामाही देतो. बाबासाहेबांचा गावगाड्यावर विश्वास नव्हता, मग त्याच गावगाड्यातून निवडून येणाऱ्या जिल्हा परिषदेसाठी आपण कशाला गळा काढायचा?

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. अनुभवातून आलेला आहे. म्हणूनच त्याला ‘तू चळवळीचा नाहीस’ असं म्हणून उडवून लावता येणार नाही, उत्तर द्यावं लागेल. सर्वोच्च न्यायालयानं निवडणुकांसाठी 31 जानेवारी 2026 ही मुदत घातली होती. आपली पोरं ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणून बाजूला बसली, तर त्या बसण्याची किंमत पुढची पाच वर्षं वस्त्या मोजतील.

आधी परिस्थिती काय होती ते पाहू. मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. तेव्हापासून 2025 अखेरपर्यंत तिथं निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. अध्यक्ष नव्हता, सभापती नव्हते, समित्या नव्हत्या. मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक. आठही पंचायत समित्यांची तीच गत. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा धाराशिव जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड नव्यानं छापली गेली. ज्या जिल्ह्याच्या नावावर एवढं राजकारण झालं, त्या जिल्ह्याची जिल्हा परिषद त्या दिवशी रिकामी होती. नामांतर म्हणजे काय असतं हे मराठवाड्यात आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. 14 जानेवारी 1994 पर्यंतची वाट आमच्या आई-बापांनी रक्त सांडून चाललेली आहे. नाव बदलण्याला आमचा आक्षेप नाही. आम्ही एवढंच विचारतो, की नाव बदलायला सरकारला जी घाई होती, त्यातली थोडी निवडणुकीसाठी का नव्हती?

राज्यघटनेच्या कलम 243-ई प्रमाणे पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि मुदत संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली ती मुळात याच रोगावर औषध म्हणून. त्याआधी राज्य सरकारं आपल्या सोयीनं या संस्थांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबवत. औषध घेऊनही रोग परत आला आहे.

निवडणुका ‘ओबीसींमुळे’ लांबल्या असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. 4 मार्च 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी आयोग आणि आकडेवारीची अट पाळायला सांगितलं. आकडेवारी गोळा करणं हे सरकारचं काम होतं. ते वेळेत झालं नाही. पुढं बांठिया आयोगाचा अहवाल आला, जुलै 2022 मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. पण त्याच वर्षी एका सरकारनं जिल्हा परिषदांच्या सदस्यांची संख्या वाढवली, दुसऱ्यानं येऊन ती पुन्हा कमी केली, आणि प्रकरण परत न्यायालयात जाऊन पडलं. 6 मे 2025 ला न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तरी सप्टेंबरमध्ये मुदतवाढ मागितलीच गेली. यात महाविकास आघाडीही आली आणि महायुतीही. ओबीसींचा दोष एवढाच, की त्यांना संविधानानं दिलेला वाटा हवा होता. उद्या हेच बोट आपल्याकडे वळेल.

आता ही जिल्हा परिषद मुळात आहे काय? ‘मिनी मंत्रालय’ हा शब्द सगळ्यांना पाठ आहे, पण आत कोण बसतं आणि कशासाठी, हे विचारलं तर आपले पदवीधर कार्यकर्तेही गडबडतात. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी हे आपले आठ तालुके. जिल्ह्याचे 55 गट, प्रत्येक गटात दोन असे पंचायत समितीचे 110 गण. गटातून एक सदस्य थेट निवडून येतो. शिवाय आठ पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध सदस्य. म्हणजे सभागृहात 63 माणसं. अध्यक्षाची मुदत अडीच वर्षं. विषय समित्यांमध्ये बांधकाम, शिक्षण, आरोग्य, अर्थ, कृषी, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, समाजकल्याण. आणि सगळ्यांच्या वर स्थायी समिती.

या कायद्यातली एक गोष्ट आपल्या पोरांनी नीट लक्षात ठेवावी. आमदार आणि खासदार हे जिल्हा परिषदेचे सदस्य नाहीत. जिल्हाधिकारीही नाही. 1957 च्या बलवंतराय मेहता समितीच्या कल्पनेत जिल्हाधिकारी जिल्ह्याच्या संस्थेत होता. महाराष्ट्रानं त्याला मुद्दाम बाहेर ठेवलं. हेतू असा, की मुंबईत कायदे करणारा आणि महसूल गोळा करणारा, दोघांनीही गावच्या शाळा-दवाखान्यांच्या पैशावर बसू नये. ते काम वेगळ्या, स्थानिक, निवडून आलेल्या माणसांचं. कारभार करणारा अधिकारी वेगळा आणि त्याला प्रश्न विचारणारे वेगळे. तीन महिन्यांतून किमान एकदा सर्वसाधारण सभा घेणं बंधनकारक. सदस्य प्रश्न विचारणार आणि अधिकारी उत्तर देणार, ते इतिवृत्तात लिहिलं जाणार. खास सभा बोलावून दोन तृतीयांश सदस्यांनी ठराव केला, तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला परत बोलावणं सरकारला भाग पडतं. हे हत्यार क्वचित वापरलं जातं, पण ते आहे हे अधिकाऱ्याला माहीत असतं, आणि तेवढ्यानंही त्याच्या बोलण्यात फरक पडतो.

प्रशासक आला की हे सगळं एका खुर्चीत गोळा होतं. प्रस्ताव मांडणारा तोच, सर्वसाधारण सभाही तोच, स्थायी समितीही तोच. अंदाजपत्रक तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच. सकाळी अधिकारी म्हणून सही, दुपारी सभागृह म्हणून सही. माणूस प्रामाणिक असू शकतो. आमचा वाद त्या माणसाशी नाहीच. चांगला अधिकारी आम्हीही पाहिला आहे, आणि वर्ष-दीड वर्षात त्याची बदली झालेलीही पाहिली आहे. त्यानं सुरू केलेलं काम पुढच्यानं विचारलंसुद्धा नाही. वस्तीतल्या माणसानं कुणाला जाब विचारायचा? साहेब तर मतं मागायला येत नाही.

‘साहेब जात बघत नाही’ हे वाक्य तर आम्हाला फारच गमतीचं वाटतं. साहेबापर्यंत फाइल पोचते कशी? अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना घ्या, जिला आपण अजून दलित वस्ती योजनाच म्हणतो. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे निधीचे टप्पे ठरलेले, पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा. प्रस्ताव निघतो ग्रामपंचायतीच्या ठरावातून. ग्रामसेवक कागद करतो, पंचायत समितीत गटविकास अधिकारी पुढे पाठवतो, बांधकामचा उपअभियंता अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता बघतो, मग समाजकल्याण कार्यालय, मग वर. या वाटेवरच्या किती खुर्च्या जात बघत नाहीत, ते वाचणाऱ्यानं आपल्या गावापुरतं मोजावं. वस्तीच्या नावानं मंजूर झालेला सिमेंट रस्ता वस्तीच्या तोंडाशी सुरू होऊन भलत्याच वाड्याच्या फाटकाशी संपलेला आम्ही पाहिला आहे. समाजमंदिर कागदावर वस्तीत आणि प्रत्यक्षात गावाच्या दुसऱ्या टोकाला, तेही पाहिलं आहे. साहेबानं यात जात बघितली नसेल. त्यानं फक्त खालून आलेल्या कागदावर सही केली.

अशा वेळी सभागृहात कुणीतरी उठून ‘हे काम कुठल्या वस्तीत आहे, मला जागा दाखवा’ असं विचारणारा लागतो. तो माणूस कोण असेल याचा विचार कायद्यात केलेला आहे. समाजकल्याण समितीचं सभापतिपद मागासवर्गीय सदस्यासाठीच आहे. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे सेसचे, 20 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, ताडपत्री, शेतीपंप असल्या वैयक्तिक लाभाच्या वस्तू यातून मिळतात. रक्कम फार मोठी नसते, आम्ही तिचा बाऊ करणार नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्याचं स्वतःचं उत्पन्न ते किती असणार! तरी ज्या विधवा बाईच्या घरी शिलाई मशीन आलं, तिच्या घरचा हिशेब त्यानं बदलतो. आणि ही यादी ठरवायला मार्च 2022 नंतर समितीच नव्हती. सभापतीची खोली कुलूपबंद, आणि लाभार्थ्याची निवड कार्यालयाच्या कपाटात.

इथं आम्हाला आपल्या मित्रांचा मुद्दा त्यांच्या बाजूनं जितका भक्कम करता येईल तितका करायचा आहे. ते म्हणतील, सभापती होता तेव्हा तरी काय झालं? तोही यादी घेऊन नेत्याच्या बंगल्यावरच जात होता. खरं आहे. जिल्ह्यातल्या चार-दोन घराण्यांच्या हातात गेली कित्येक दशकं ही संस्था फिरते आहे. 2017 ला जिल्हा परिषदेत राष्ट्रवादी सगळ्यात मोठा पक्ष होता. 2019 ला जिल्ह्यातला राष्ट्रवादीचा मोठा नेता भाजपमध्ये गेला आणि सभागृहातली गणितं नव्यानं मांडली गेली. मतदारानं मत एका चिन्हाला दिलं, बेरीज दुसऱ्याच घरात झाली. आणि बाबासाहेबांचं म्हणाल तर 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी खेड्याबद्दल जे म्हटलं ते जगजाहीर आहे. खेडं हे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, आणि घटनेनं खेड्याला नव्हे तर व्यक्तीला एकक मानलं याचा मला आनंद आहे, असा त्यांचा आशय होता. त्या वाक्यातला एक शब्दही आम्ही मागे घेणार नाही.

मात्र बाबासाहेब अर्धे वाचून चालत नाहीत. 1948 च्या आधी 1932 आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, पुणे करार होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आलं. बाबासाहेब त्यावर बोलले. गाव जातींनी फाटलेलं आहे, अशा गावाच्या पंचायतीच्या हाती न्यायदानाचा अधिकार देऊ नका, हे त्यांनी सांगितलं. प्रौढ मताधिकार दिला म्हणजे झालं, हेही त्यांनी मान्य केलं नाही, कारण प्रत्येक गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत. मग त्यांची मागणी काय होती? पंचायत बंद करून मामलेदाराच्या ताब्यात द्या, अशी नाही. आमच्या माणसांना तिथं राखीव जागा द्या, अशी होती. गावाबद्दलचा अविश्वास त्यांनी आत शिरण्याच्या मागणीत बदलला. कलम 243-डी मध्ये आज अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत. बाबासाहेबांनी 1932 ला जे मागितलं ते मिळायला साठ वर्षं लागली. आणि ते मिळाल्यावर आपण म्हणायचं, की सभागृहच नको?

दुसरी गोष्ट याच जिल्ह्यातली आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब स्वतः आले होते. गावातल्या ज्या शाळेशी त्यांच्या मुक्कामाची आठवण जोडलेली आहे, ती आज जिल्हा परिषदेची शाळा आहे. दर वर्षी आपण तिथं जातो, फोटो काढतो, पोस्ट टाकतो. पण परिषद कशाची होती? वतनाची. वतन म्हणजे काय होतं? गावाचं आणि सरकारचं चोवीस तास काम करायचं, आणि मोबदला म्हणून हक्काचं वेतन न मागता तुकडाभर जमीन आणि बलुत्यावर जगायचं. साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, साहेब खूश तर बरं. 1928 मध्येच बाबासाहेबांनी या वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मुंबई विधिमंडळात आणलं होतं, कारण कृपेवर जगणारा माणूस हक्काची भाषा विसरतो हे त्यांना दिसत होतं. ‘साहेब चांगला आहे, तो देईल’ हे वाक्य आम्हाला त्या घोड्यापुढच्या धावण्याची आठवण करून देतं. वतन गेलं, पण साहेबाकडे बघायची सवय गेली नाही.

शिवाय, सदस्य गेले म्हणजे राजकारण गेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी जिल्हा नियोजन समितीकडे एकदा बघावं. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा, त्यातली अनुसूचित जाती उपयोजना, म्हणजे आपल्या वस्त्यांसाठी राज्याकडून येणारा मुख्य पैसा, सगळा या समितीतून जातो. कलम 243-झेडडी सांगतं, की या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. जिल्हा परिषदच नव्हती, तर ते येणार होते कुठून? उरले पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. म्हणजे ज्या आमदाराला 1961 च्या कायद्यानं जिल्हा परिषदेच्या दाराबाहेर ठेवलं होतं, तो प्रशासकाच्या काळात मागच्या दारानं आत आला. शिफारसपत्र त्याचं, यादी त्याची, नारळ त्याचा. गुत्तेदार तर कुठंच गेला नाही! तो आधी 55 दारांवर फिरत होता, आता त्याचा फिरण्याचा त्रास वाचला. टक्केवारी कमी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या छोट्या गुत्तेदाराला चहा पाजून विचारावं.

पैसाही थांबला. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना 80 टक्के, पंचायत समित्यांना 10 आणि जिल्हा परिषदांना 10 टक्के असा येत होता. निवडून आलेली संस्था असेल तरच निधी, अशी केंद्राची अट. त्यामुळं प्रशासक असलेल्या जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा वाटा अडकला. हा जिल्हा श्रीमंत असता तर चाललं असतं. नीती आयोगानं 2018 मध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून काढले, म्हणजे सरळ भाषेत मागासलेले, त्यात गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर आपला जिल्हा आहे. भूम, परंडा, वाशी, कळंबचे फड दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालवायची ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं. वसतिगृह कधी सुरू झालं, पोरांना जेवण मिळतं का, पटावरची पोरं खरी का कागदी, हे विचारायला गटाचा सदस्य असतो. चांगला असेल तर विचारतो. वाईट असेल तर पुढच्या निवडणुकीत त्याला विचारता येतं. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पाणी शिरलं तेव्हा पंचनामे करायला सरकारी माणसं होती, मदत करायला गावकरी आणि संघटना होत्या. नव्हता तो गटाचा माणूस, ज्याला ‘आमच्या वस्तीचा पंचनामा का राहिला’ म्हणून धरता आलं असतं.

इथवर आम्ही सभागृहाची बाजू घेतली. आता त्या सभागृहातल्या आपल्या माणसांबद्दल बोलू, कारण खरा राग तिथंच आहे.

2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 57 हजारांच्या पुढे, त्यात अनुसूचित जाती सुमारे 16 टक्के. 55 जागांमध्ये हिशेब 8.8 येतो, 9 धरा. त्यातल्या निम्म्या महिलांसाठी. नऊ माणसं ही काही थोडी संख्या नाही. अध्यक्ष निवडीच्या वेळी चार-पाच मतांवर सत्ता फिरते. हे नऊ जण एका विषयावर, फक्त एका विषयावर, एकत्र उठून उभे राहिले असते तर वीस टक्क्यांच्या हिशेबाची वही टेबलावर आणायला कुणाची टाप होती? पण ते उठत नाहीत. का उठत नाहीत, तर ते आपले असले तरी त्यांना निवडलेलं आपण नसतं.

गणित करून बघा. ग्रामीण भागात एका गटाची लोकसंख्या साधारण 25 हजार. 16 टक्क्यांनी आपली माणसं 4 हजार. राखीव गटात उमेदवार आपलाच असतो, पण मतं उरलेल्या 21 हजारांची लागतात. तिकीट देणारा नेता हे जाणतो, म्हणून तो सगळ्यात कमी बोलणारा, सगळ्यात कमी वाचणारा, सगळ्यात जास्त वाकणारा शोधतो. पुणे कराराचं दुखणं आपण दर 24 सप्टेंबरला भाषणात सांगतो, पण ते गटागटात कसं चालतं हे तिकीट वाटपाच्या रात्री बंगल्याच्या अंगणात उभं राहून बघावं. महिला सदस्य असेल तर आणखी एक पडदा. सही तिची, फोन नवऱ्याचा. आणि तरीही, आम्ही हे आवर्जून नोंदवतो, या पडद्यातूनच काही बाया स्वतः बोलायला लागल्या. पहिल्या सभेत मान खाली घालून बसलेली बाई दुसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या पोषण आहारावर अधिकाऱ्याला उभं करते, असं घडतं. प्रशासकाच्या काळात तेही दार बंद झालं.

मग चक्राकार आरक्षण. एका गटात पाच वर्षं काम केलेल्या आपल्या सदस्याचा गट पुढच्या वेळी खुला होतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. हा तोटा आहेच. पण फिरण्यामुळं एक फायदा होता. ज्या गटात आपली संख्या मध्यम आहे, तिथंही कधी ना कधी पाळी येत होती. 20 ऑगस्ट 2025 च्या नव्या नियमांनी त्यानंतर होणारी निवडणूक ही आरक्षणाच्या फेऱ्यासाठी ‘पहिली’ मानली. म्हणजे मागचा सगळा फेरा पुसला आणि गणती शून्यापासून. सर्वाधिक लोकसंख्येच्या गटांपासून पुन्हा सुरुवात. ज्या गटातली आपली माणसं पंचवीस वर्षं पाळीची वाट बघत रांगेत पुढं आली होती, त्यांना परत रांगेच्या टोकाला पाठवलं. याविरुद्ध काही जण उच्च न्यायालयात गेले, तिथं यश आलं नाही. आपल्या जिल्ह्यात यावर किती मोर्चे निघाले? पुतळ्याच्या चौथऱ्याच्या उंचीवर आपण तहसीलसमोर बसतो, ते बसावंच. पण आपला गट कसा पुसला गेला याची अधिसूचना वाचायला आपल्यातला एकही वकील रात्र जागत नाही, याची आम्हाला जास्त चिंता आहे.

आणि गटातटांबद्दल बोलायचं तर, एका राखीव जागेवर निळ्या झेंड्याचे पाच उमेदवार उभे राहतात, प्रत्येकाच्या बॅनरवर बाबासाहेब, आणि निवडून येतो नेत्याचा सहावा. यावर पुष्कळ लिहून झालं आहे, आम्ही भर घालत नाही.

तर ‘प्रशासक बरा’ म्हणणाऱ्या मित्रांना आमचं म्हणणं असं, की तुमचा राग सदस्यावर आहे आणि शिक्षा तुम्ही सभागृहाला देत आहात. सदस्य वाईट निघाला तर तो बदलायचा असतो. बदलण्यासाठी आधी त्याचं काम माहीत असावं लागतं. आपल्या पोरांना लोकसभेच्या जागांची जातवार गणितं तोंडपाठ आहेत, आपल्या गटाची हद्द कुठल्या ओढ्याशी संपते ते माहीत नाही. निवडणुकीत राखीव गटातला असो की खुल्या, जो उमेदवार वस्तीत येईल त्याला जयंतीच्या मंडपाचा खर्च मागू नका. त्याला विचारा, आमच्या वस्तीचा बृहत् आराखड्यात अनुक्रम कितवा आहे? त्याला माहीत नसेल. मग सांगा, माहीत करून घे आणि चार दिवसांनी परत ये. खुल्या गटातल्या उमेदवाराला तर जास्तच अडवा, कारण आपली 4 हजार मतं तिथं पाडण्याएवढी पुरेशी असतात, आणि तिथं आपल्याला कुणी गृहीत धरण्याचं कारण नाही.

त्याच्या आधी एक काम आहे, त्याला ना तिकीट लागतं ना नेता. प्रशासकाच्या काळातला, म्हणजे मार्च 2022 पासूनचा, मागासवर्गीय कल्याणाच्या 20 टक्के निधीचा वर्षवार जमा-खर्च आणि लाभार्थ्यांच्या गाववार याद्या. त्याच काळात वस्ती विकासात मंजूर झालेल्या कामांची यादी, काम कुठं झालं त्या जागेसह. माहितीच्या अधिकारात एक अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयाला आणि एकेक अर्ज आठही पंचायत समित्यांना. एका अर्जाला 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. नऊ अर्जांचे 90 रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं. उत्तर आलं तर यादी घेऊन प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार पोरांनी मोटारसायकलवर निघायचं, आणि कागदावरचा रस्ता वस्तीत सापडतो का ते बघून यायचं. ज्यांना आपल्या तालुक्याची जबाबदारी घ्यायची आहे त्यांनी आम्हाला कळवावं. परंडा आणि लोहारा या दोन तालुक्यांसाठी अजून कुणी पुढं आलेलं नाही.

जय भीम.